शाळेचें छप्पर कोणीं घालावें?

शेजाऱ्याच्या मुलाला शिकतां यावें म्हणून माझ्या घरावर कर बसावा काय, आणि तो बसवून घेण्यास मीं आपल्या हातानें संमति द्यावी काय, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबाचा दिसतो. परंतु थोडें खोल पाहिलें असतां तो सदसद्विवेकबुद्धीचा आहे असें दिसून येईल. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत पुष्कळ ठिकाणीं हा प्रश्न दर थोड्या वर्षांनीं सामान्य मनुष्याच्या हातीं मतपत्रिकेच्या रूपानें येतो. तेथें सरकारी शाळा चालविण्याकरितां जागोजागीं शाळामंडळें असतात. एकाद्या मंडळास गळकीं छपरें बदलावयाचीं असलीं, जुन्या इमारतींची डागडुजी करावयाची असली, किंवा नव्या खोल्या बांधावयाच्या असल्या, आणि जवळ रोकड पैसा नसला, म्हणजे तें कर्जरोखे काढण्याची परवानगी आपल्या हद्दींतील मतदारांजवळ मागतें. मतदारांनीं होय म्हटलें तर कर्ज निघतें, इमारती उभ्या राहतात, आणि तें कर्ज पुढें वीस, पंचवीस, तीस वर्षें तेथील घरांवर व जमिनींवर बसविलेल्या जादा करांतून फिटतें. नाहीं म्हटलें तर छप्पर गळत राहतें.

वाचकहो, हा विषय परमुलखांतला आहे खरा. परंतु मुलूख कोणताही असो, शाळेची भिंत पडावयास आली म्हणजे जे प्रश्न उठतात ते बहुतेक सारखेच असतात. म्हणून कॅलिफोर्निया संस्थानांतील, व विशेषेंकरून लॉस एंजेलिस शहरांतील हकीकत प्रथम सांगून मग त्या प्रश्नांचा विचार करूं.

ता. १० मार्च १९३३ रोजीं, शुक्रवारीं सायंकाळीं सहाच्या सुमारास, त्या शहराजवळच्या लाँग बीच येथें मोठा भूकंप झाला. शंभराहून अधिक माणसें दगावलीं. विटांच्या कमकुवत बांधणीच्या कित्येक शाळा जमीनदोस्त झाल्या. दोनशेंहून अधिक शाळांच्या इमारती पडल्या, फुटल्या किंवा वापरण्यास अयोग्य ठरल्या. मुलें घरीं गेलीं होतीं म्हणूनच मोठा अनर्थ टळला. तीन चार तास आधीं धरणी हालली असती तर काय झालें असतें, हा विचार आईबापांच्या काळजांत शिरला. बरोबर एका महिन्यानें, १० एप्रिल १९३३ रोजीं, फील्ड कायदा झाला. सरकारी शाळांच्या इमारती भूकंपांत टिकतील अशाच बांधाव्या, आणि त्यांचे नकाशे व काम सरकारी तपासणीखालीं व्हावें, असें त्यानें ठरविलें. ह्यावरून एक गोष्ट पहिल्यानेंच स्पष्ट होते. शाळेची इमारत ही शोभेची वस्तु नव्हे. मुलानें शाळेंत आलेंच पाहिजे असें आपण कायद्यानें म्हणतों, तर त्याच्या डोक्यावरचें छप्पर त्याच्यावर पडूं नये ही जोखीमही आपल्याच माथीं येते.

कायदा करणें सोपें. पैसा पुरविणें कठीण. १८७९ च्या राज्यघटनेपासून तेथें शाळेकरितां असें कर्ज काढावयाचें तर दर तीन मतांपैकीं दोन मतें अनुकूल पडावीं लागत. पुढें १९७८ सालीं, घरांवरील कर भराभर वाढत चालल्यामुळें त्रासलेल्या लोकांनीं १३ क्रमांकाचा ठराव मोठ्या बहुमतानें मंजूर केला. त्यानें मालमत्तेवरील सर्वसाधारण कर शेंकडा १ वर बांधून टाकिला, आणि आकारणीची किंमत, घर विकलें जाईपर्यंत, वर्षास शेंकडा २ हून अधिक वाढतां कामा नये असें ठरविलें. त्याबरोबर इमारतींकरितां असें नवें कर्ज काढण्याची वाटही बंद झाली. ती १९८६ सालीं दुसऱ्या एका ठरावानें, दोन तृतीयांशांच्याच अटीवर, पुनः उघडली.

इकडे लॉस एंजेलिसमध्यें देशोदेशींहून कामधंद्यासाठीं आलेल्या कुटुंबांचीं मुलें वाढत होतीं. त्या मानानें शाळा वाढल्या नाहींत. तेव्हां कित्येक शाळा वर्षभर चालू ठेवून मुलांच्या पाळ्या लाविल्या. त्यांतील एका पद्धतींत मुलांचे तीन गट असत. दोन शाळेंत, एक सुटीवर. इतर मुलांस वर्षाला १८० दिवस शाळा मिळे, तर ह्यांस १६३ दिवस. रोजचा वेळ थोडा वाढवून ती तूट भरून काढीत. सतरा दिवस म्हणजे काय मोठें, असें कोणी म्हणेल. बारा वर्षें असेंच चाललें तर ते दोनशें चार दिवस होतात, म्हणजे एका सबंध शाळेच्या वर्षाहून अधिक. शिवाय पुष्कळ मुलांस आपल्या वस्तींतील शाळेंत जागा नसल्यामुळें रोज मोटारींत बसून दूरच्या शाळेंत जावें लागे.

१९९६ च्या नोव्हेंबरांत मंडळानें २ अब्ज ४० कोटी डॉलरांच्या कर्जाचा ठराव मतदारांपुढें ठेविला. शेंकडा ६५ हून अधिक मतें अनुकूल पडलीं. परंतु दोन तृतीयांशांस थोडीं कमी पडलीं, आणि ठराव फेंटाळला गेला. पांच महिन्यांनीं, १९९७ च्या एप्रिलांत, तो पुनः आला व शेंकडा सुमारें ७१ मतांनीं मंजूर झाला. नंतर २००० सालीं ३९ क्रमांकाच्या ठरावानें, कांहीं बंधनें घालून, ही अट संस्थानभर शेंकडा ५५ वर आणिली. लॉस एंजेलिसच्या लोकांनीं २००२, २००४, २००५, २००८, २०२० व २०२४ ह्या सालीं पुनः पुनः कर्जास संमति दिली. शेवटच्या खेपेचें कर्ज ९ अब्ज डॉलरांचें आहे. ह्या पैशानें व संस्थानाच्या साहाय्यानें शंभराहून पुष्कळ अधिक नव्या शाळा उभ्या राहिल्या, आणि वर्षभराच्या त्या पाळ्या बंद झाल्या.

ही झाली हकीकत. आतां आक्षेपांकडे वळूं. कारण नाहीं म्हणणारा प्रत्येक मनुष्य कृपण असतो असें समजणें हा अन्याय होय.

पहिला आक्षेप असा कीं, ज्याच्या घरीं शाळेंत जाणारें मूल नाहीं त्यानें कां द्यावें? तो म्हणतो, मला मूलबाळ नाहीं. किंवा माझीं मुलें शिकून आपापल्या धंद्यास लागलीं. मीं आपला वांटा दिला, आतां ज्यांचीं मुलें त्यांनीं पाहावें. ह्यास उत्तर हें. तो ज्या बांकावर बसून अक्षर शिकला तो बांक त्याच्या बापानें एकट्यानें घेतला नव्हता. ज्यांनीं त्याकरितां पैसे दिले त्यांपैकीं पुष्कळांस मूल नव्हतें, आणि बहुतेक आज हयातही नाहींत. त्यांचें ऋण त्यांस परत करितां येत नाहीं. तें फेडण्याची एकच वाट उरते. ती ही कीं, मागल्यांकडून घेतलें तें पुढल्यांस द्यावें. विहीर खणणारा मरून जातो. पाणी पिणाऱ्यानें निदान गाळ तरी उपसावा. म्हणून हा कर म्हणजे शेजाऱ्यावर उपकार नव्हे. घेतलेल्याची परतफेड होय.

हा विचार नवा नाहीं. १६४७ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें, लोक पवित्र शास्त्राच्या ज्ञानास मुकूं नयेत ह्या हेतूनें, असा कायदा केला कीं, ज्या गांवीं पन्नास कुटुंबें असतील त्या गांवानें लिहिणें-वाचणें शिकविणारा एक पंतोजी नेमावा. आणि त्याचें वेतन मुलांच्या आईबापांनीं किंवा धन्यांनीं द्यावें, अथवा सर्व गांवकऱ्यांनीं मिळून द्यावें. कायद्यानें दोन्ही वाटा मोकळ्या ठेविल्या. पुढें लोक हळूहळू दुसरीकडे वळले, आणि सर्वांच्या पैशानें सर्वांची शाळा ही रीति पडली. त्याच मुलखांत १८१० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस आले, आणि पुढें त्यांच्या मिशनानें मराठी शाळा उघडल्या. त्या शाळांकरितां दूरदेशीं वर्गणी देणाऱ्यांनीं आमच्या वाडवडिलांचीं तोंडेंही पाहिलीं नव्हतीं. तेव्हां ‘ज्याचें मूल त्यानें पाहावें’ हा नियम आमच्यापैकीं कोणास तोंडांतून काढतां येईल काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, तो गरिबाचा. कर हा मिळकतीवर नसून घरावर आहे. समजा, एक वृद्ध विधवा थोड्या ठराविक निवृत्तिवेतनावर राहते. घर तिचें आहे, पण हातांत पैसा नाहीं. घर वाढीव किंमतीचें झालें म्हणून तिची भाकर वाढत नाहीं. उलट पक्षीं, तेराव्या क्रमांकाच्या ठरावामुळें दुसराही एक विषमपणा उत्पन्न झाला आहे. शेजारींशेजारीं एकसारखीं दोन घरें असतात. एक चाळीस वर्षांपूर्वीं घेतलेलें, दुसरें गेल्या वर्षीं लहान मुलांच्या आईबापांनीं कर्ज काढून घेतलेलें. पहिल्याची आकारणी जुन्या किंमतीवर, दुसऱ्याची आजच्या. त्यामुळें त्याच शाळेसाठीं दुसऱ्यास पहिल्याच्या कित्येक पट द्यावें लागतें, मग पहिला धनवान व दुसरा ओढगस्तींत असला तरीही.

ह्या आक्षेपास ‘गप्प बसा, मुलांचा प्रश्न आहे’ असें उत्तर देणें बरोबर नाहीं. स्वतःस थोडें द्यावें लागत असतां दुसऱ्याच्या पिशवींतून उदार होणें हा धर्म नव्हे. परंतु कराची वांटणी वांकडी आहे म्हणून छप्पर गळूं द्यावें, हेंही बरोबर नाहीं. कारण वांटणीचा दोष मोठ्या माणसांनीं केला, आणि भिजावें लागतें तें मुलांनीं. आमच्या मतें होय म्हणणाऱ्यावर येथें दुहेरी कर्तव्य येतें. आज मत द्यावें, आणि उद्यां ती वांटणी सरळ होईपर्यंत बोलत राहावें. ज्यानें पहिलें केलें व दुसरें टाळलें, त्यानें अर्धेंच काम केलें.

तिसरा आक्षेप अविश्वासाचा. पैसा मुलांपर्यंत पोंहोंचेल कशावरून? हा संशय निराधार नाहीं. लॉस एंजेलिसच्या मंडळानें शहराच्या मध्यभागाजवळ, पूर्वीं तेल काढीत अशा जागेवर, एक मोठी शाळा बांधावयास घेतली. त्या जमिनींतून पेट घेणारा वायु निघतो ह्यामुळें गवगवा होऊन २००० सालीं काम सोडून दिलें. पुढें खालून भूकंपाची भेग जाते असेंही आढळलें. पुष्कळ फेरफार करून २००८ सालीं ती शाळा एकदांची उघडली. २०१० सालीं दुसरा एक शाळासमूह सुमारें ५७ कोटी ८० लाख डॉलर खर्चून उभा राहिला, व इतका डौल कशाला असा बोभाटा झाला. २०१३ सालीं तर इमारतींच्या कर्जाच्या पैशांतून प्रत्येक विद्यार्थ्यास टॅब्लेट देण्याचा बेत निघाला. तो पुढच्या वर्षीं थांबवावा लागला. वर्षें दोन वर्षांत जुनी होणारी वस्तु, आणि तिच्यासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज!

ह्यावरून असा निष्कर्ष काढावा काय, कीं पुनः कधीं होय म्हणूं नये? एका नोकरानें दाणे चोरले म्हणून कोणी पेरणी बंद करीत नाहीं. कोठाराला कुलूप लावितो व स्वतः मोजावयास बसतो. ३९ क्रमांकाच्या ठरावानें अशींच कुलपें लाविलीं. कोणत्या कामांकरितां पैसा हवा त्यांची यादी मतदारांपुढें आधीं ठेवावी. तो पैसा पगाराकडे वळवूं नये. दरवर्षीं हिशेब व काम तपासलें जावें. आणि नागरिकांची एक देखरेख समिति नेमावी. परंतु समितीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, किंवा बसणाऱ्यांनीं कागद न वाचतां मान डोलाविली, तर कुलूप असून नसल्यासारखेंच. मत देणें हें एका दिवसाचें काम. पाहत राहणें हें तीस वर्षांचें. जो पहिल्यासाठीं तयार आहे पण दुसऱ्यासाठीं नाहीं, त्याच्या संमतीला फारशी किंमत नाहीं.

चौथा आक्षेप आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो जो करूं शकत नाहीं त्याच्यातर्फे आपणच केला पाहिजे. हें कर्ज फेडणार कोण? आज जन्मास न आलेलीं माणसें. त्यांस कोणी विचारिलें नाहीं. अर्थात् कर्ज मुळांतच वाईट असें नाहीं. इमारत पन्नास वर्षें टिकणार असेल, तर तिचा उपयोग करणाऱ्या पुढच्या पिढीनें तिचा कांहीं भार सोसणें न्याय्यच आहे. परंतु ह्या न्यायाच्या आड अन्यायही लपतो. सॅन डिएगोजवळच्या पोवे येथील शाळामंडळानें कराचा दर वाढणार नाहीं असें मतदारांस सांगून २००८ सालीं संमति मिळविली. आणि तें वचन पाळण्यासाठीं २०११ सालीं सुमारें १० कोटी ५० लाख डॉलरांचे असे रोखे काढिले कीं, सुमारें वीस वर्षें त्यांवर कांहींच द्यावयाचें नाहीं, व्याज मुद्दलांत चढत जावयाचें. त्यांची एकंदर फेड सुमारें ९८ कोटी डॉलर होईल, म्हणजे घेतल्याच्या नऊ पटींहून अधिक. आमच्या शेतकऱ्यांस चक्रवाढ व्याज म्हणजे काय हें कोणी समजावून सांगावयास नको. पुढें २०१३ सालीं संस्थानानें कायदा करून अशा रोख्यांची मुदत पंचवीस वर्षांवर व एकंदर फेड मुद्दलाच्या चौपटीवर आणून बांधिली.

ह्या प्रकरणांत धडा आहे. मंडळ लबाडी करितें असें म्हणण्यापूर्वीं मतदारानें आपल्या मनांत डोकवावें. ‘शाळा हवी, पण मला कांहीं पडतां कामा नये’ असें जो म्हणतो, तो कळत नकळत ‘माझ्या नातवाकडून वसूल करा’ असेंच म्हणत असतो. मुलांसाठीं म्हणून केलेली गोष्ट मुलांच्याच गळ्यांत बांधणें ह्यासारखी आत्मवंचना नाहीं.

आतां मतांच्या संख्येविषयीं. शंभरांतील पासष्टांनीं होय म्हणावें व पस्तिसांनीं तें अडवावें, हें १९९६ सालीं घडलें, आणि पुष्कळांस तें अन्यायाचें वाटलें. दुसरे म्हणतात, पंचावन्नांनीं पंचेचाळीसांस तीस वर्षें बांधून टाकावें हेंही भयंकर आहे. दोहोंत तथ्य आहे. परंतु ज्यांच्यासाठीं शाळा बांधावयाची त्या मुलांस मत नाहीं, आणि तेथें पुष्कळ मुलांचे आईबाप परदेशांतून आलेले असून नागरिक झालेले नसल्यामुळें त्यांसही मत नाहीं, ही गोष्ट ह्या वादांत विसरली जाते. २००० सालीं त्या संस्थानांतील कित्येक विद्यार्थ्यांतर्फे सरकारावर फिर्याद करावी लागली कीं, आमच्या शाळांत पुरेशीं पुस्तकें नाहींत, शौचकूप नीट नाहींत, इमारती स्वच्छ व सुरक्षित नाहींत. २००४ सालीं तडजोड झाली, आणि वर सांगितलेली १६३ दिवसांची पाळी २०१२ पर्यंत बंद करण्याचें ठरलें. सारांश, ज्याच्या हातीं मत आहे तो स्वतःपुरता मत देत नसून ज्यांस तोंड नाहीं त्यांच्याही वतीनें देत आहे. पालक म्हणून नेमलेला मनुष्य पाल्याच्या मालमत्तेविषयीं ज्या सावधगिरीनें सही करितो, त्याच सावधगिरीनें ही मतपत्रिका भरली पाहिजे.

कोणी म्हणतात, चांगली शाळा असली म्हणजे घरांची किंमत वाढते, म्हणून होय म्हणा. ही गोष्ट कदाचित् खरी असेल. पण ह्या हेतूवर आम्हीं भिस्त ठेवणार नाहीं. जो किंमतीसाठीं होय म्हणतो तो किंमत पडतांच नाहीं म्हणेल. शिवाय ह्या हिशेबानें पाहिलें तर श्रीमंतांच्या वस्तींतील शाळेला सर्व कांहीं मिळेल. आणि जेथें घरांची किंमतच थोडी, तेथें तितक्याच पैशासाठीं लोकांस अधिक दरानें कर भरावा लागेल. मूल कोणत्या वस्तींत जन्मलें हा त्याचा गुणही नव्हे, अपराधही नव्हे.

आतां आपल्या मुलखाकडे पाहूं. मुंबई इलाख्यांत १८६० नंतरच्या दशकांत जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविला गेला, व त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जावयाचा होता. रयतेस कोणीं विचारिलें नव्हतें; तिनें दिलें. आणि १८८२ सालीं शिक्षण कमिशनापुढें जोतीराव फुले ह्यांनीं हीच तक्रार मांडिली कीं, पैसा रयतेकडून येतो आणि विद्येचा लाभ वरच्या थरांतील थोड्यांस होतो. तेथें संमति मागितली जाते. येथें त्या काळीं मागितली गेली नाहीं. संमति मागितली जाणें हा मान आहे. पण त्या मानाबरोबर हिशेब पाहण्याचें ओझेंही येतें.

आज आपल्या गांवीं कर्जरोख्यांची मतपत्रिका येत नाहीं. परंतु शाळेच्या खोलीकरितां लोकवर्गणी मागितली जाते, ग्रामसभेंत खर्चाचा विषय निघतो. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी शाळांस व्यवस्थापन समिति दिली असून तींत निदान तीन चतुर्थांश आईबाप किंवा पालक, व निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. म्हणजे कुलपाची एक किल्ली आपल्याही हातीं आहे. तेव्हां पुढच्या वेळीं शाळेच्या छपराची गोष्ट निघाली म्हणजे प्रत्येकानें स्वतःस चार गोष्टी विचाराव्या. गरज खरी आहे काय? भार झेपेल त्याच्यावर पडतो कीं न झेपेल त्याच्यावर? मी आपलें देणें पुढच्या पिढीवर तर लोटीत नाहीं ना? आणि पैसा दिल्यावर काम पुरें होईपर्यंत मी पाहावयास जाणार आहें काय?

ह्या चारांचीं उत्तरें प्रामाणिकपणें देऊन जो नाहीं म्हणेल त्यास दोष देऊं नये. परंतु ज्यानें हे प्रश्न स्वतःस विचारिलेच नाहींत, केवळ घरीं मूल नाहीं म्हणून हात आंखडता घेतला, त्यानें पावसाळ्यांत एक दिवस त्या शाळेंत जाऊन बसावें, आणि कोणत्या मुलाच्या पाटीवर पाणी पडतें तें पाहावें.